नव्या युगातील ग्रंथालय

मनुष्य एका पिढीत जे शिकतो ते त्याच्याबरोबरच नाहीसे होऊ नये, पुढच्या पिढीच्या हाती पडावे, या इच्छेतून ग्रंथालयाचा जन्म झाला. मातीच्या विटांवर कोरलेली अक्षरे, भूर्जपत्रे, ताडपत्रे, हाताने लिहिलेल्या पोथ्या, छापलेली पुस्तके असे ज्ञानाचे वाहन वेळोवेळी बदलत गेले. परंतु ज्ञान एकत्र करावे, ते नीट लावून ठेवावे आणि मागणाऱ्याच्या हाती द्यावे, हा ग्रंथालयाचा धर्म मात्र बदलला नाही. आज त्या वाहनाने पुन्हा एकदा रूप पालटले आहे. संगणक आणि इंटरनेट यांच्या योगाने हजारो मैलांवरील ग्रंथ क्षणार्धात डोळ्यांसमोर उभा राहतो. साहजिकच पुष्कळ लोक विचारू लागले आहेत, की सर्व काही हातातील मोबाइलवर मिळत असता ग्रंथालये हवीत कशाला? ती इमारत, ती कपाटे, तो ग्रंथपाल यांवर पैसा का खर्चावा?

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. माझे मत असे, की नव्या यंत्राने ग्रंथालयाची कपाटे बदलली आहेत. त्याचे काम कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. हे मत तुम्ही केवळ वडीलधाऱ्या माणसाचे म्हणून मान्य करू नये. त्यामागची कारणे तपासून पाहावी.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातील एक जुनी गोष्ट घेऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झाली. त्या काळी छपाई नव्हती. ज्याला ग्रंथ हवा असे तो दुसऱ्याची पोथी समोर ठेवून हाताने उतरून घेई. उतरणाऱ्याचा हात कोठे चुके, कोठे ओवी गळे, तर कोठे एखादा उत्साही लेखक आपल्या पदरची ओवी आत घाली. तीनशे वर्षांत अशा चुका साचत गेल्या. तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती मिळविल्या, त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. इतकेच नव्हे, तर यापुढे कोणी यात आपली ओवी मिसळू नये, असेही त्यांनी बजावून ठेवले. नाथांचे हे कार्य जसे संताचे, तसेच ते उत्तम ग्रंथपालाचेही होते. ग्रंथ जवळ असणे पुरेसे नसते. जवळचा ग्रंथ खरा आहे की नाही, हे पाहणारा कोणी तरी लागतो.

पुढे छपाई आली. इ. स. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजी यांनी मुंबईस मराठी पंचांग छापून काढले. त्या वेळी छापील कागदास हात लावावयास अनेक लोक कचरत असत. छपाईच्या शाईत चरबी असते, अशी त्यांची समजूत होती. गणपत कृष्णाजींनी शाईत तूप घालून ही शंका दूर केली, असे सांगतात. आज आपणांस या गोष्टीचे हसू येते. परंतु प्रत्येक नव्या साधनाविषयी काही लोकांस भय वाटते आणि काही लोकांस अवाजवी भरवसा वाटतो. दोघेही त्या साधनास पुरते ओळखत नसतात.

छपाईमुळे पोथी देवघराच्या कोनाड्यातून बाहेर आली आणि सार्वजनिक ग्रंथालये निघाली. इ. स. १८९३ मध्ये ठाणे येथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ सुरू केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव पाठविण्याची व्यवस्था त्यांनी केली. ज्याला ग्रंथालयापर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत ग्रंथालयाने जावे, हा त्यामागचा विचार होता. आजचे इंटरनेट हे एका अर्थाने त्या फिरत्या पेटीचेच मोठे भावंड आहे.

या नव्या पेटीचे उपकार थोडे नाहीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे ज्याचे काम सुरू झाले, त्या मराठी विश्वकोशाचे वीस जाडजूड खंड विकत घेणे लहान गावातील शाळेच्या आवाक्याबाहेरचे होते. आता तो विश्वकोश संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य वाचता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही वाचावे आणि कोणीही लिहावे. २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण केलेले भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी अहोरात्र उघडे असते. ज्यांस दृष्टी नाही अशा मुलांस संगणक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवितो. पूर्वी त्यांना ब्रेल लिपीतील मोजक्या ग्रंथांवर किंवा दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहावे लागे. जुन्या पोथ्यांचाही लाभ होतो. पोथी उघडावी तितका तिचा काठ झडतो. पण एकदा तिच्या पानांची छायाचित्रे घेतली, की मूळ पोथी सुरक्षित ठेवून अभ्यासकास ती पाहता येते. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ मध्ये स्थापन झाली. तिच्या संग्रहात हजारो हस्तलिखिते आहेत. ५ जानेवारी २००४ रोजी या संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची नासधूस झाली. ज्या ग्रंथाची एकच प्रत उरली आहे, त्याची प्रतिमा दुसरीकडे जपून ठेवणे किती आवश्यक असते, हे अशा प्रसंगी कळते.

परंतु येथे एक बारकावा लक्षात घ्यावयास हवा. पानाचे छायाचित्र आणि पानाचा मजकूर या दोन भिन्न गोष्टी आहेत. छायाचित्रात संगणकास केवळ काळे-पांढरे ठिपके दिसतात. त्यात 'पैठण' हा शब्द शोधावयास सांगितले, तर तो शोधू शकत नाही. त्यासाठी ठिपक्यांतून अक्षरे ओळखावी लागतात. हे कामही आता यंत्र करते. पण जुने खिळे, पुसट शाई आणि आपली जोडाक्षरे यांमुळे त्याची फसगत होते. ते 'घ'ला 'ध' समजते आणि 'भ'ला 'म' समजते. मग कोणी तरी मूळ पान आणि यंत्राने ओळखलेला मजकूर शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी लागते. चारशे वर्षांपूर्वी पैठणला जे काम चालले होते, तेच हे काम आहे!

दुसरी अडचण याहून मोठी आहे. संगणकावर प्रत्येक अक्षर हे मुळात एक क्रमांक असते. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांनी मराठीसाठी निरनिराळे टंक तयार केले होते, आणि प्रत्येकाची क्रमांकांची वाटणी वेगळी होती. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला सुंदर मराठी निबंध दुसऱ्यावर उघडला, की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक खिचडा दिसे. १९९१ मध्ये युनिकोड या सर्वमान्य पद्धतीची पहिली आवृत्ती निघाली. तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास एकच ठरलेला क्रमांक दिला आहे. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो छत्रपती संभाजीनगरातही तोच आणि न्यूयॉर्कमध्येही तोच. या पद्धतीचा सर्वत्र प्रसार होण्यास मात्र वेळ लागला. तोवर जुन्या टंकांत जे लिहिले गेले, ते जाणकाराच्या मदतीवाचून उलगडत नाही.

यावरून महानुभावांच्या पोथ्यांची आठवण होते. या पंथाच्या अनुयायांनी आपले ग्रंथ 'सकळ' यासारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. पोथ्या होत्या, अक्षरेही शाबूत होती; पण बाहेरच्या वाचकास ती उमगत नसत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांनी त्या लिपीची किल्ली मिळविली, तेव्हा मराठीच्या प्राचीन गद्याचे भांडार सर्वांस खुले झाले. यांतील भावे हे ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाचे संस्थापक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रंथ साठविणारा मनुष्यच ग्रंथाचे कुलूप उघडावयास झटला.

नव्या साधनांस हे कुलूप फार लवकर लागते. चारशे वर्षांची पोथी वाचावयास डोळे आणि दिवसाचा उजेड पुरतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाच्या तबकड्या वाचावयास मात्र आज यंत्रच सहसा मिळत नाही. एखादी कंपनी आपले संकेतस्थळ बंद करते आणि त्यावरील लेखन एका रात्रीत नाहीसे होते. म्हणून जे संगणकावर आहे ते वेळोवेळी नव्या रूपात उतरवून ठेवणारी, नफ्यातोट्याचा विचार न करणारी संस्था समाजास हवी. ती संस्था म्हणजेच ग्रंथालय होय.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न पाहू. आपल्या शहरातील बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. हा मकबरा औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिचा आहे. तिच्या मुलाने, शाहजादा आझमशहाने, तो इ. स. १६५१ ते १६६१ या काळात बांधला, असे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. एकाने लिहिले ते दुसऱ्याने घेतले, दुसऱ्याचे तिसऱ्याने घेतले. आता एखादा विद्यार्थी ग्रंथालयात जाऊन मोगलांच्या इतिहासाचे दुसरे पुस्तक उघडील, तर त्याला काय आढळेल? बेगम १६५७ मध्ये वारली आणि आझमशहाचा जन्म १६५३ मध्ये झाला. मग बेगमेच्या मृत्यूपूर्वी सहा वर्षे तिच्या कबरीस आरंभ कसा झाला? जो जन्मासही आला नव्हता, त्याने बांधकाम कसे सुरू केले? आणि १६६० च्या सुमारास जो जेमतेम सात वर्षांचा होता, त्या मुलाने ही इमारत स्वतः बांधली, की त्याचे नाव पुढे करून त्याच्या बादशहा पित्याने बांधविली? पहा, केवळ दोन पुस्तके शेजारी ठेवल्याबरोबर किती प्रश्न उभे राहिले! एका पडद्यावरचे एकच उत्तर वाचून उठणाऱ्यास यांतील एकही प्रश्न सुचला नसता.

अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे निघाली आहेत. प्रश्न विचारताच ती शुद्ध, सुबक भाषेत उत्तर देतात. त्यांचा उपयोग मोठा आहे, यात शंका नाही. परंतु ती कधी कधी जे पुस्तक कोणी लिहिलेच नाही त्याचे नाव, लेखकासह आणि सालासह, मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. भाषा सुबक असली म्हणजे मजकूर खरा असतो, असे नव्हे. पूर्वी पोथीत चूक शिरावयास लेखकाचा हात लागे आणि ती पसरावयास वर्षे लागत. आता ती क्षणात जन्मते आणि क्षणात हजारो ठिकाणी पोहोचते. तेव्हा नाथांसारखा ताडून पाहणारा मनुष्य पूर्वीपेक्षा आज अधिक हवा आहे.

यावर कोणी म्हणेल, की ताडून पाहण्याचे कामही यंत्रास शिकविता येईल. येईलही. पण यंत्र आपण विचारू तेवढेच शोधते. जे विचारावयाचे आपणांस सुचलेच नाही, ते पुढे ठेवणारा मनुष्यच असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना मुंबईच्या चर्नी रोडजवळील बागेत वाचीत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनी त्यांस पाहिले, त्यांची वाचनाची आवड ओळखली आणि त्यांस पुस्तके देऊ लागले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. त्या ग्रंथाची ओढ बाबासाहेबांस आयुष्यभर राहिली. चांगला ग्रंथपाल हा असा असतो. तो वाचकाकडे पाहतो आणि मग कपाटाकडे वळतो.

बाबासाहेबांनी पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते आपल्या ग्रंथांस जागा असावी म्हणून. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये आपल्या शहरात महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय फारच तोकडी होती. मराठवाडा विद्यापीठ निघाले तेही १९५८ मध्ये. ज्या प्रदेशास ज्ञानासाठी इतकी वाट पाहावी लागली, त्याने 'ज्याच्या घरी साधन असेल त्याने शिकावे' ही भाषा बोलू नये. आज प्रत्येक घरी संगणक नाही. ज्या घरी एकच मोबाइल आहे, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री घरी येतो. अशा घरातील मुलीने अभ्यास केव्हा करावा? ग्रंथालयाचे दार सर्वांस सारखे उघडे असते. तेथे बसावयास जागा, पुरेसा उजेड, शांतता आणि साधन मिळाले, तर श्रीमंताचा मुलगा आणि मजुराची मुलगी एकाच बाकावर बसून तोच ग्रंथ वाचू शकतात. माझ्या मते ग्रंथालयाच्या बाजूने हे सर्वांत बळकट कारण आहे.

मग आजची ग्रंथालये हे सर्व करीत आहेत काय? खरे बोलावयाचे, तर सगळी करीत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ मध्ये झाला आणि त्यामुळे गावोगावी ग्रंथालये निघाली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु काही ठिकाणी वर्तमानपत्रे आणि जुन्या कादंबऱ्या यांपलीकडे संग्रह गेला नाही. मी असे एक ग्रंथालय पाहिले आहे, की जेथे संगणकावर कापडी आच्छादन घातले होते आणि त्या आच्छादनावर धूळ साचली होती. यंत्र आले, पण ते चालविणारा आला नाही. ग्रंथपालास पुरेसे वेतन नाही, नव्या कामाचे शिक्षण नाही, आणि आपण म्हणतो की लोक ग्रंथालयात येत नाहीत! ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याचे सूत्र आहे, तसेच ग्रंथालयास वाढत्या जीवाची उपमाही आहे. वाढ थांबली की जीव थांबतो.

तेव्हा काय करावे? प्रत्येक ग्रंथालयाची ग्रंथसूची संगणकावर यावी, म्हणजे हवे ते पुस्तक कोठे आहे हे घरबसल्या कळेल. मुलांसाठी तेथे चार संगणक आणि मार्गदर्शन करणारा एक जाणता मनुष्य असावा. आणि तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मोठे ग्रंथ आज ना उद्या कोणी तरी जगासमोर आणील. पण तुमच्या गावच्या शाळेचा स्मरणिका-अंक, जुन्या बारवेचे छायाचित्र, दुष्काळाच्या वर्षी ग्रामपंचायतीने लिहिलेले पत्र, आजीला येणारी जात्यावरची गाणी, ही कोण जपणार? ती दुसऱ्या कोणत्याही संस्थेच्या संग्रहात नाहीत. गावच्या ग्रंथालयाने ती गोळा करावी, त्यांच्या प्रतिमा घ्याव्या, ध्वनिमुद्रण करावे आणि त्यांखाली नाव, गाव व साल नीट लिहून ठेवावे. नावावाचूनचे छायाचित्र पन्नास वर्षांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, यांतील पुष्कळ गोष्टी मोठ्यांनी करावयाच्या आहेत. पण काही तुमच्या हातच्या आहेत. आपल्या गावच्या किंवा प्रभागाच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा. जे पुस्तक तेथे नसेल ते मागा. मागणी आल्यावाचून कपाट भरत नाही. मोबाइलवर मिळालेली माहिती वहीत उतरविण्यापूर्वी ती दुसऱ्या एका ठिकाणी ताडून पाहा, आणि ती कोठून घेतली ते खाली लिहा. घेतलेले पुस्तक वेळेवर परत करा, कारण त्याची वाट पाहणारे दुसरे कोणी तरी असते.

यंत्र आणि ग्रंथ यांत वैर नाही. यंत्राचा वेग आणि ग्रंथालयाची सावधगिरी एकत्र आली, तर आपल्या पिढीस जे मिळाले ते मागच्या कोणत्याही पिढीस मिळाले नव्हते, असे होईल. मात्र ती सावधगिरी कोणतेही यंत्र विकत घेऊन येत नाही. ती वाचणाऱ्याने स्वतः अंगी बाणवावी लागते, आणि ती शिकण्याची उत्तम जागा अजूनही ग्रंथालय हीच आहे.